सहाशे तीन आणि एक

पिटलेव्हन
रविवार, १७ फेब्रुवारी २०१९

प्रिय कॅप्टन,

तुमचं नाताळचं कार्ड वेळेवर पोचलं होतं, उत्तराला मात्र फेब्रुवारी उजाडला. फोनच करणार होतो, पण तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूलही करत नाही. म्हणून पत्र.

काल हरलो. घरच्या मैदानावर, तीन-शून्य. पहिला गोल माझ्या नावावर लिहा. त्यांचा एकोणीस वर्षांचा पोरगा माझ्या बगलेतून निघून गेला आणि मी वळेपर्यंत गोल करून परत येताना समोर भेटला. मागून स्टँडमधून कोणीतरी ओरडलं, "टॉरन्स, बस चुकली का रे?" सगळे हसले. मीही हसलो. एकवीस वर्षं याच माणसांसमोर बचावाला उभा आहे, त्यांनी नाही हसायचं तर कुणी?

काल माझा सहाशे एकावा सामना झाला. ड्रेसिंग रूमच्या बाहेरचा तो लाकडी फलक तुम्हाला आठवत असेलच. शंभर सामने झाले की माणसाचं नाव त्यावर चढतं. गेली पंधरा वर्षं तो रंगवायचं काम माझ्याकडेच आहे. गावातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मी रंगवतो, तर क्लबला बाहेरचा पेंटर कशाला परवडेल! दर मे महिन्यात स्वतःच्या नावापुढचा आकडा खरवडून नवा घालताना विचित्र वाटतं. सगळ्यात वर तुमचं नाव आहे. थॉ. फ्लेट, ६०४.

क्लबच्या सेक्रेटरी ऑड्री पिटब्लाडो यांनी मला न विचारता तीनशे मफलर विणायला टाकलेत. त्यावर 'टॉरन्स ६०४' असं लिहिलंय. मी म्हटलं, "बाई, अजून तीन सामने खेळायचेत." तर म्हणतात, "मग खेळ की!" तुमची बरोबरी केली तरी मला पुरे. तुमच्या पुढे जायची हौस नाही.

नव्या पोरांना तुमच्या गोष्टी अजून सांगतो. तुम्ही आमचे मॅनेजर असताना एक जानेवारीच्या सामन्याआधी दाराशी उभे राहून एकेकाच्या तोंडाचा वास घ्यायचात, ते सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. आणि तुमचा डावा पाय फक्त बसमध्ये चढण्यापुरता होता, हेही सांगतो.

गुडघा जरा सुजतो. विशेष काही नाही.

तुमचा,
लॅकलन


स्ट्रॉमनेस, ऑर्कनी बेटं
२६ फेब्रुवारी २०१९

प्रिय लॅकी,

मला फोनवर उत्तम ऐकू येतं. तुम्ही लोक पुटपुटता.

आईच्या या घरात एकटा असलो तरी बरा आहे. वाऱ्याने मागच्या आठवड्यात कोंबड्यांचं खुराडं शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवलं. कोंबड्यांसकट. त्या तिथे खूश दिसतात, म्हणून परत मागितलं नाही.

तुला एक खरं सांगतो. तुझे पाचशे झाले तेव्हापासून दर रविवारी पेपर उघडला की आधी तुझं नाव आहे का बघायचो, आणि नसलं की बरं वाटायचं. एकदा तर तुला फ्लू झाला म्हणून मी संध्याकाळी स्वतःसाठी अंडी तळली होती. सतरा वर्षांचा असताना तुला क्लबमध्ये मी आणला, चेंडू दूर कसा मारायचा ते मी शिकवलं, आणि तूच माझ्या आकड्याच्या मागे लागलास. म्हातारपणी माणसाकडे फार काही उरत नाही रे. बायको गेली, दात गेले. फलकावरचा आकडा तेवढा होता.

पण आता हवा असेल तर घे. खेळ. चौऱ्याहत्तर साली मी मोडक्या बरगडीने चार सामने खेळलो होतो. गुडघ्याचं काय एवढं! रात्री कोबीची पानं बांध.

त्या पोराने तुला चुकवलं कारण तू चेंडूकडे बघत होतास. माणसाच्या कमरेकडे बघायचं. किती वेळा सांगायचं?

थॉ. फ्लेट

ता.क. तोंडाच्या वासाची गोष्ट पोरांना सांगत जाऊ नकोस. त्यात सांगण्यासारखं काही नाही.


पिटलेव्हन
रविवार, २४ मार्च २०१९

प्रिय कॅप्टन,

कोबीची पानं बांधली. शीना म्हणाली, सूप करायचं राहिलं की काय.

सहाशे तीन झाले. ते शेवटचे दोन कसे झाले ते विचारू नका. कालच्या सामन्यात पासष्टाव्या मिनिटाला मॅनेजरने मला बाहेर काढलं. हा नील पर्डी माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि मला बाहेर बोलावताना तोच खाली मान घालून उभा होता. आता शेवटच्या सामन्यापर्यंत विश्रांती, असं ठरलंय. शेवटचा सामना चार मेला, घरी, बाल्मर्टी रोव्हर्सशी. शेजारच्या गावाशी, म्हणजे सगळं गाव लोटणार.

पर्डी म्हणाला, "लॅकी, शेवटची दोन मिनिटं आणतो तुला. टाळ्या होतील, आकडा होईल, मफलर विकले जातील. झालं."

मी म्हटलं, "दोन मिनिटांचा मी सामना धरत नाही. पहिल्यापासून उतरेन, नाहीतर नाही."

तुम्हीच सांगा, मी चुकलो का? एकवीस वर्षांत मी काय मिळवलं? एक कप नाही. दोनदा खालच्या लीगमध्ये घसरलो. एकदा लागोपाठ अकरा सामने हरलो, त्या सगळ्यांत मी होतो. सोमवार ते शुक्रवार शिडीवर, मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी सराव, शनिवारी बसने कुठल्यातरी गारठलेल्या गावात जाऊन परत. माझ्या पोरीच्या शाळेतली सगळी नाटकं शनिवारी झाली. मला कंटाळा आलाय, कॅप्टन. हाडांपर्यंत कंटाळा आलाय. पण एवढं सगळं करून हातात एक आकडा येणार असेल, तर तो मला उभा राहून घ्यायचाय, कुणी भीक घातल्यासारखा नाही.

डॉक्टर म्हणतात एखादी सुई दिली की नव्वद मिनिटं निघतील. काळजीचं कारण नाही.

लॅकलन


पिटलेव्हन
२ एप्रिल

प्रिय मिस्टर फ्लेट,

मी शीना, लॅकलनची बायको. आपण दोन-तीनदा भेटलोय. माझ्या लग्नात तुम्ही लिंबू सरबताचा ग्लास हातात धरून भाषण केलं होतं, तेव्हा माझा भाऊ वैतागला होता.

त्याने तुम्हाला काय लिहिलंय ते मला माहीत आहे, कारण टपालात मीच टाकते. काळजीचं कारण नाही, असंच लिहिलं असणार. खरं काय ते ऐका. तो सकाळी जिना पायाने उतरत नाही. बसून, एकेक पायरी, तोंड भिंतीकडे करून उतरतो, म्हणजे पोरीला चेहरा दिसू नये. एखादी सुई नाही, दोन झाल्या, ही तिसरी. डॉक्टरांनी माझ्यासमोर स्वच्छ सांगितलं की गुडघ्यातली गादी संपलीय, हाड हाडावर घासतंय. सुईने दुखणं कळणार नाही, म्हणजे तो त्या पायावर उड्या मारणार, आणि एक नीट धक्का बसला की कृत्रिम सांधा. मग शिडी चढायची नाही. कायमची.

त्याला शिडीशिवाय दुसरं काही येत नाही, मिस्टर फ्लेट. अडतिसाव्या वर्षी काय शिकणार आहे? आणि पाट्या रंगवायला त्याला आवडतं. खेळण्यापेक्षा जास्त आवडतं, हे त्याला स्वतःला ठाऊक नाही.

मी सांगून थकले. पर्डी सांगत नाही, कारण त्याला गर्दी हवीय. ऑड्रीबाई सांगत नाहीत, मफलरांमुळे. तो फक्त तुमचं ऐकतो. तुम्ही एक ओळ लिहा की नको खेळूस. तुमच्या आकड्याची इतकी काय मातब्बरी आहे की त्यासाठी माझ्या नवऱ्याचा पाय जावा? मी उद्धट बोलले असेन तर असू दे.

शीना टॉरन्स


स्ट्रॉमनेस
९ एप्रिल

प्रिय शीना,

तुझं पत्र मिळालं. तू उद्धट बोलली नाहीस.

पण मी त्याला नको म्हणू शकत नाही. ज्याच्या हातात आकडा आहे त्यानेच दुसऱ्याला घेऊ नकोस म्हणायचं, हे कसं दिसेल? तो म्हणेल, म्हाताऱ्याला पोटात दुखतंय. आणि अगदीच खोटं म्हणणार नाही. खेळाडूला शेवटचा सामना खेळू नकोस असं मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही.

त्याला सांग, गरम-गार पाण्याने शेकत जा.

आपला,
थॉ. फ्लेट


स्ट्रॉमनेस
शनिवार, २० एप्रिल

प्रिय लॅकी,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आज टपालाच्या बोटीची वेळ होईपर्यंत संपवायचं असं ठरवून बसलोय.

शीनाने मला पत्र लिहिलं होतं. तिच्यावर चिडू नकोस. तिला मी जे उत्तर पाठवलं ते वाचून तिने पेटवलं असेल तर योग्यच केलं. गेले दहा दिवस मला जेवण गोड लागलेलं नाही.

तू चार मेला खेळू नकोस. त्याची गरज नाही. आपली बरोबरी आत्ताच झालेली आहे. माझे सामने सहाशे तीन आहेत. सहाशे चार नाहीत.

१ जानेवारी १९६९. बुधवार. बाल्मर्टीशी घरचा सामना. मी चोवीस वर्षांचा होतो आणि पिटलेव्हनमध्ये स्टेशनच्या मागे एका खोलीत राहायचो. माझा धाकटा भाऊ एडविन वर्षअखेरीला माझ्याकडे राहायला आला होता. तो इथे मासेमारीच्या बोटीवर होता. माझ्याहून एक वर्षाने लहान, तोंडवळा हुबेहूब, फक्त तो जास्त हसायचा. वर्ष उलटताना आम्ही घरोघर फिरलो. प्रत्येक घरी नव्या वर्षाचा ग्लास पुढे यायचा. एडविनला बोटीवर शुद्धीत राहायची सवय, तो तीन घरांनंतर थांबला. मी थांबलो नाही. मला वाटायचं मी मोठा खेळाडू आहे, मला काय होतंय.

सकाळी मला उभं राहता येईना. पलंगाचा दांडा धरून उठलो की भिंत अंगावर यायची. सामना दोन वाजता. मी क्लबचा सेंटर हाफ, बचावाचा मधला खांब, आणि राखीव दोघं तापाने झोपलेले. मी रडायला लागलो, लॅकी. पोरासारखा. एडविन माझ्या बुटांची पिशवी उचलून म्हणाला, "किती नंबरचा शर्ट तुझा? पाच ना? झोप गप्प."

तेव्हाचा मॅनेजर क्रॅम म्हणून होता. एडविन दारातून आत आला तेव्हा क्रॅमने त्याच्याकडे वर-खाली पाहिलं, जवळ जाऊन वास घेतला, आणि पाच नंबरचा शर्ट त्याच्या हातात दिला. बाहेर एवढं धुकं होतं की स्टँडमधून पलीकडचा गोल दिसत नव्हता. अकरा माणसं मोजून भरली, रेफरीने शिट्टी मारली.

आम्ही एक-शून्यने जिंकलो. गुरुवारी सरावाला गेलो तर क्रॅम म्हणाला, "फ्लेट, काल तुझा डावा पाय फार छान चालला. पुन्हा दिसता कामा नये." एवढंच. त्या दिवसापासून मी दारूला शिवलो नाही आणि डाव्या पायाने चेंडूलाही नाही. तुम्ही सगळे त्यावर विनोद करायचात, मी हसायचो. आणि तुमच्या तोंडांचा वास मी का घ्यायचो, ते आता तुला कळलं असेल. लोक म्हणायचे, काय शिस्तीचा माणूस! पन्नास वर्षं मी ते ऐकून घेतलं.

एडविन नोव्हेंबर ७० मध्ये बोटीबरोबर गेला. तिघंजण होते. एकही मिळाला नाही.

आता तुला सांगितलं. कुणाला सांगायचं, ते तू ठरव.

थॉरफिन


पिटलेव्हन
बुधवार, २४ एप्रिल

कॅप्टन,

पत्र मिळालं. शीनाला विचारलं, तिने सगळं कबूल केलं. आमचं दोन दिवस बोलणं नव्हतं, आता आहे.

तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, म्हणून स्पष्ट लिहितो. मला तुमचं पटलेलं नाही. सहाशे सामन्यांत तुम्ही कधी कुणाला मऊ बोलला नाहीत, आणि आता नेमका मला हवा तेवढा, एकच सामना तुमच्या हिशेबातून गळतो? धुकं काय, जुळ्यासारखा भाऊ काय, साक्षीदार सगळे मेलेले! माझ्या बायकोने रडून पत्र लिहिलं म्हणून तुम्ही माझ्यासाठी एक सामना सोडलात. त्यासाठी स्वतःचं नाव खराब करून घ्यायला तयार झालात. तुमचं मन मोठं आहे, पण मला हे दान नको. पर्डीला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. भिकेचा आकडा मी घेत नाही.

मेलेल्या भावाला यात ओढायला नको होतं.

तिसरी सुई शुक्रवारी, तीन तारखेला. मी खेळणार आहे.

लॅकलन


स्ट्रॉमनेस
शनिवार, २७ एप्रिल

लॅकी,

सोबतचं कात्रण जपून उलगड, घडीवर फाटतंय. ते आईचं आहे. माझी घरमालकीण दर महिन्याला माझ्या सामन्यांची कात्रणं तिला पाठवायची. बाकीची आईने डब्यात ठेवली. हे एकच तिने फडताळाच्या दारावर आतून चिकटवलं होतं. मी काल चाकूने सोडवलं. कोपऱ्याला लाकडाचा रंग आलाय तो त्यामुळे.

शेवटून चौथी ओळ वाच.

आई मला नेहमी म्हणायची, "हा तुझा सगळ्यात चांगला सामना. पुन्हा तसा खेळला नाहीस." पहिल्यांदा म्हणाली तेव्हा एडविन तिथेच चुलीशी मोजे वाळवत बसला होता. तो म्हणाला, "हो ना आई, थॉर त्या दिवशी झकास खेळला." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मग तो गेला, आणि मग आई गेली तेव्हाही ते कात्रण दारावरच होतं. तिला शेवटपर्यंत वाटत होतं की तो मीच.

मन मोठं असतं तर एकोणसत्तर साली बोललो असतो. हे दान नाही. हा सामना माझा नव्हताच, मी तुला तो कसा देणार?

थॉ.


पिटलेव्हन
सोमवार, ६ मे २०१९

प्रिय कॅप्टन,

तुमचं पाकीट गुरुवारी सकाळी मिळालं. मी बेकरीची पाटी करायला निघालो होतो. व्हॅनमध्ये बसून उघडलं. शेवटून चौथी ओळ वाचली. "फ्लेटने मध्यरेषेमागून डाव्या पायाने मारलेला लांब चेंडू धुक्यातून थेट पुढच्या खेळाडूच्या पायाशी पडला आणि त्यातून एकमेव गोल झाला." ती ओळ मी चारदा वाचली. तुम्ही डाव्या पायाने! मला आधी हसू आलं. मग व्हॅनमध्येच बराच वेळ बसून राहिलो. बेकरीवाला येऊन काच वाजवून गेला.

मी तुम्हाला खोटं ठरवलं त्याची माफी मागतो. तुमच्या भावाबद्दल जे लिहिलं त्याची जास्त.

गुरुवारी संध्याकाळी सरावाला गेलो आणि पर्डीला सांगितलं की मी खेळत नाही.

"काय डोकंबिकं फिरलंय का? सुई ठरलीय, गाव येतंय, मफलर आलेत!"

"बरोबरी झालीय, नील."

"कशी काय झाली? रात्रीत?"

"पन्नास वर्षांपूर्वीच."

त्याने माझ्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "गुडघा फारच दुखतोय का रे?" मी हो म्हटलं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर हो म्हटलं, आणि मला इतकं हलकं वाटलं की तिथेच बाकावर बसलो.

ऑड्रीबाईंना कात्रण दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी सगळं वाचलं. म्हणाल्या, "मी होते त्या सामन्याला. बापाच्या खांद्यावर. धुक्यात काही म्हणजे काही दिसलं नव्हतं, नुसते बुटांचे आवाज. पण तो चेंडू आमच्या डोक्यावरून गेला ते आठवतंय." मग म्हणाल्या, "आकडा बदलायचा तर कमिटी बसायला हवी. एक सामना खेळलेल्या माणसाचं नाव फलकावर नियमात बसत नाही. शिवाय तो आपल्याकडे नोंदलेलाच नव्हता, म्हणजे लीगचा नियम मोडला." मी मान हलवली. तशा म्हणाल्या, "कमिटी जूनमध्ये बसेल. इमारतीची किल्ली माझ्याकडे आहे, ब्रश तुझ्याकडे आहे. मी रविवारी चर्चला जाणार, मला काही दिसायचं नाही."

मफलरांचं विचारलं. म्हणाल्या, "आकडा बरोबरच आहे. सहाशे तीन आणि एक. फक्त नाव चुकलं." शनिवारी समुद्रावरून असा वारा सुटला की तिन्हीशे खपले. लोकांना गळा झाकण्याशी मतलब.

सामन्याआधी मी सूट घालून, काठी घेऊन मैदानात गेलो. पोरीने हात धरला होता. मोठ्या टाळ्या झाल्या, खरंच मोठ्या. त्या थांबल्या तेव्हा मागून तोच आवाज आला, "टॉरन्स, मिळाली का रे बस?" कॅप्टन, मला रडू फुटलं. भर मैदानात, नाक गळेपर्यंत. पोरीने माझ्या मफलरनेच माझं तोंड पुसलं. माझ्या जागी एक पोरगा खेळला, सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. तो चेंडूकडे बघतो, कमरेकडे बघत नाही. शिकेल.

काल सकाळी शीनाबरोबर गेलो. शिडी घेतली नाही, स्टुलावर उभा राहिलो, तिने स्टूल धरलं. तुमचा चार खरवडून तीन केला. त्याखाली लॅ. टॉरन्स, ६०३. मग अगदी तळाशी, खालच्या चौकटीच्या वर, थोडी जागा होती. फलकावर सगळ्यांची आद्याक्षरं आहेत, पण तिथे मी पूर्ण नाव घातलं. सोनेरी रंग तोच, तुमच्या नावाचा. एडविन फ्लेट, आणि पुढे १.

शीना मागे सरकून बघत म्हणाली, "अक्षर सरळ आलंय." ती सहसा असं म्हणत नाही.

फोटो सोबत आहे. कात्रणही परत पाठवतोय, फडताळात लावा.

लॅकलन


स्ट्रॉमनेस
१४ मे २०१९

प्रिय लॅकी,

फोटो मिळाला. भिंगातून बघितला. तीनचं पोट जरा फुगलंय, पण चालेल.

कात्रण दारावर परत लावलं. या खेपेला माझ्या उंचीवर लावलंय, आई बुटकी होती. लावताना तिला मोठ्याने सांगितलं की तो एडविन होता. रिकाम्या घरात बोलताना मूर्खासारखं वाटलं, तरी सांगितलं.

एक गोष्ट तुला लिहायची राहिली होती. एडविन सापडला नाही म्हणून आईने दगड बसवू दिला नाही. ज्याला पुरलंच नाही त्याचं नाव थडग्यावर कशाला, म्हणायची. तिच्यापुढे आमचं काही चालायचं नाही. ती गेल्यावर मी करेन करेन म्हणत राहिलो, आणि करायची हिंमत झाली नाही. पोस्टात, चर्चमध्ये, बंदरावर, कुठेच त्याचं नाव लिहिलेलं नाही. जगात एकाच ठिकाणी आहे. तुझ्या हातचं.

परवा शेजारीण म्हणाली, पंचाहत्तरीला एवढा प्रवास झेपेल का? मी म्हटलं, बसमध्ये चढायला माझा डावा पाय अजून शाबूत आहे.

मंगळवारच्या बोटीने निघतोय, बुधवारी दुपारी तुमच्या स्टेशनवर. न्यायला येऊ नकोस, गुडघा सांभाळ, मी चालत येईन. ऑड्रीबाईंना म्हणावं किल्ली काढून ठेवा. मला त्या नावावरून एकदा बोट फिरवायचंय.

तोवर रंग पक्का वाळला असेल ना?

तुझा,
थॉरफिन